लांबलचक जुना ब्लॉक आणि ४५० किलोचा स्टँड: चार बोल्टांवर किती भरवसा ठेवायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का हे तुम्हालाही समजेल. घरातली १९४७ ची बुइक आहे. आठ सिलेंडर एका ओळीत असलेलं तिचं ४.१ लिटरचं इंजिन गाडीतून काढून कसबा बावड्याच्या शेडमध्ये लाकडांवर ठेवलंय. ४५० किलो असं छापलेला तीन चाकांचा स्टँड आणलाय. इंजिन चारशेच्या आत भरेल असं कुणीतरी सांगितलंय, म्हणजे पन्नास किलोची सवड आहे असा तुमचा हिशोब. बोल्ट काही बसतात, काही अर्ध्यात अडकतात. काम सवडीनं होणार, वर्षभर तरी इंजिन स्टँडवरच राहणार. तर स्टँड पुरेल का, आणि बोल्ट कुठले घ्यायचे?

स्टँड पुरणार नाही. इंजिन साडेतीनशे भरलं असतं तरी मी हेच सांगितलं असतं. वजन किती यापेक्षा ते थाळीपासून किती लांब लटकतंय, ज्या चार भोकांत ते धरलंय त्या भोकांचे आटे (पेच) आज कसे आहेत, आणि त्या स्टँडवर तुम्ही नेमकं काय करणार आहात, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं. बोल्टांचं उत्तर पुढं येईलच, पण ते या तिघांच्या मागून.

मी उद्यमनगरात जुन्या इंजिनांची कामं करतो. जास्त करून जीप आणि जुने ट्रक, अधूनमधून एखादी हौसेची गाडी. कोल्हापूरला ही हौस नवी नाही, दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी दसरा चौकात आली की लोक तिच्याकडंही डोळे लावून बसलेले असतात. पण घरच्या शेडमध्ये काम करणाऱ्याची गत गॅरेजपेक्षा वेगळी असते. त्याच्याकडं वेळ भरपूर असतो आणि हाताखाली माणूस नसतो. म्हणून पुढचं सगळं एकटा माणूस, घरची शेड आणि वर्षभराचं काम हे धरून लिहितोय. गॅरेजमध्ये दोन पोरं आणि वर गर्डरला चेन ब्लॉक (वजन उचलायची साखळीची कप्पी) असताना जे खपून जातं, ते तुमच्याकडं खपणार नाही.

आधी अंतर बघू. स्टँडची फिरती थाळी ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव अंगाला, मागच्या तोंडावर, बेल हाउसिंग (क्लचभोवतीचं कवच) बसतं तिथं, चार लोखंडी हातांनी धरते. बाकीचं इंजिन पुढं हवेत. भरलेली घागर छातीशी धरा आणि तीच हात लांब करून धरा. घागरीचं वजन तेवढंच राहतं, खांदा मात्र लगेच बोलायला लागतो. आता आकडे घालू. एखादा आटोपशीर व्ही-आठ (आठ सिलेंडर व्ही आकारात दोन ओळींत) घेतला तर ब्लॉकची लांबी साधारण ५५ सेंटिमीटर, त्याचा गुरुत्वमध्य मागच्या तोंडापासून २७-२८ वर, आणि हात व स्पेसर (मध्ये घालायचे नळीचे तुकडे) मिळून आणखी १५. झाले ४२-४३. वजन ३०० किलो धरलं तर थाळीवर वाकवणारा जोर येतो सुमारे १२८ किलोग्रॅम-मीटर. तुमच्या इंजिनाची लांबी मीटरच्या पुढं जाणार. मध्य ५३ वर धरू, अधिक तेच १५, म्हणजे ६८. चारशे किलोला जोर झाला २७२. वजन एक-तृतीयांशानं वाढलं आणि जोर दुपटीच्या वर गेला. स्टँडवर छापलेला आकडा कुठल्या अंतरासाठी आहे हे बहुतेक स्टँडांवर लिहिलेलंच नसतं, आणि असले स्टँड आखूड इंजिनं डोळ्यासमोर ठेवूनच बनतात.

हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुम्ही टेप लावून मोजा. इंजिन एका पट्ट्यात तोलून उचललं की ते जिथं आडवं, सरळ राहतं, तो पट्टा ज्या रेषेवर आहे तिथं खडूनं खूण करा. त्या खुणेपासून मागच्या तोंडापर्यंतचं अंतर म्हणजे तुमचा खरा आकडा. वजनही ऐकीव धरू नका. फौंड्रीवाल्यांकडं क्रेनच्या हुकाला लावायचा लटकता काटा असतो. शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात ओळखीनं तासाभरासाठी मिळून जातो. उसाच्या काट्यावर टेम्पोसकट नेऊन वजाबाकी करू नका, तिथं दहा-वीस किलो इकडचे तिकडे होतात. वजन करताना काय काय लावलेलं आहे तेही टिपून ठेवा. हेड, मॅनिफोल्ड, फ्लायव्हील, क्लच, स्टार्टर, डायनॅमो हे सगळं आधी उतरवलं तर तुमचं काम तिथंच बरंच हलकं होतं. फ्लायव्हील तर स्टँडवर चढवण्याआधी काढावंच लागतं, कारण थाळी नेमकी त्याच जागेत येते.

हा जोर जातो कुठं? सगळे पहिल्यांदा बोल्टाकडं बघतात. बोल्टांच्या वरच्या आणि खालच्या जोडीत २० सेंटिमीटर अंतर असेल तर वरच्या जोडीवर मिळून १३६० किलोची ओढ येते, एकेकावर ६८०. डोक्यावर तीन रेघा असलेला, म्हणजे ग्रेड पाचचा, तीन सुती (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) बोल्ट कायमचा ताणला जायच्या आधी तीन हजार किलोच्या आसपास सोसतो. तेव्हा चांगला बोल्ट सरळ ओढीत तुटत नाही. आधी दगा देतात त्या बाकीच्या जागा: बिडातले (ओतीव लोखंडातले) आटे, हातांच्या खाचा, थाळीची नळी आणि पुढचं एकटं चाक.

हातांच्या खाचा जवळून बघा. पट्टीत लांबट खाच असते, तिच्यातून बोल्ट जातो आणि सोबत मिळालेला पातळ वायसर खाचेच्या दोन कडांवर कसाबसा टेकतो. बोल्ट आवळला की तो वायसर बशीसारखा आत बसतो. आठवड्यानं पाना लावून बघा, पाव फेरा सहज फिरतो. तिथं पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या पट्टीचा चौकोनी वायसर कापून घाला, खाचेच्या दोन्ही बाजूंना निदान सेंटिमीटरभर टेकेल असा. थाळीची नळी आणि ती ज्या बाहीत फिरते ती बाही यांच्यातला खुळखुळाही बघा. बाही १५ सेंटिमीटर लांब आणि खुळखुळा दीड मिलिमीटर असला तर मीटरभर पुढं इंजिनाचं नाक सेंटिमीटरभर खाली येतं. त्यानं लगेच काही पडत नाही, पण नळी दोनच ठिकाणी टेकलेली आहे आणि फिरवताना ती कुरतडत फिरणार हे त्यावरून कळतं.

आता बोल्ट. तुमचे "अर्ध्यात अडकतात" हे वाचून मला बहुतेक उत्तर सापडलं, तरी खात्री करून घ्या. अमेरिकन गाडीत त्या काळचे आटे ६० अंशांचे असतात आणि आजचा यूएनसी (अमेरिकन इंची आट्यांचा) बोल्ट त्यांत नीट बसतो. आपल्याकडच्या जुन्या हार्डवेअरच्या दुकानात "चार सुती बोल्ट द्या" म्हटलं की अजूनही कधीकधी व्हिटवर्थचा (जुन्या ब्रिटिश मापाचा) बोल्ट हातात पडतो, ज्याचे आटे ५५ अंशांचे असतात. गंमत अशी की अडीच सूत, तीन सूत आणि साडेतीन सूत या मापांत दोघांचे इंचामागचे आटे सारखेच आहेत: १८, १६ आणि १४. त्यामुळे बोल्ट आत जातो, जरा घट्ट वाटतो, पण आट्यांची बाजू बाजूला टेकत नाही. चार सुतात मात्र व्हिटवर्थचे १२ आणि यूएनसीचे १३, म्हणून तो काही फेरे जाऊन अडकतो. तिथं लांब पाना लावला की भोकाचे आटे गेले म्हणून समजा. शिवाय तीन सुतीच्या जागी दहा मिलिमीटरचा बोल्ट "थोडासाच मोठा आहे" म्हणून घालणारेही आहेत. त्यांच्याविषयी न बोललेलं बरं. पिच गेज (आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, तपासायची दातेरी पट्टी) थोड्या पैशांत मिळतो. आधी भोकातून निघालेल्या मूळ बोल्टावर तो लावून बघा आणि मगच दुकानात जा.

माप जुळलं की भोक बघा. आधी भोक हवा मारून कोरडं करा. बंद भोकाच्या तळाशी तेल किंवा पाणी राहिलं आणि वरून बोल्ट आवळला तर आतलं पाणी दाबलं जात नाही, मग बीड तडकतं. मग योग्य मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हातानं, तेल घालून, जुनी घाण निघेपर्यंत फिरवा. नवीन आटे पाडायचा हेतू ठेवू नका, फक्त साफ करायचे. भोकाच्या कडेला वेल्डिंगची किंवा ब्रेझिंगची जुनी खूण दिसली, कोपऱ्यात केसासारखी रेघ दिसली, तर डाय पेनिट्रंट (तडा दाखवणारा रंग) मारून बघा. लाल फवारा, पुसणं, पांढरा फवारा, एवढंच काम असतं आणि हे डबे आपल्याकडं वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात मिळतात. बीड दाबायला मजबूत असतं, ओढायला नसतं, आणि स्टँडवर वरची दोन भोकं कायम ओढीत असतात. ब्लॉक फिरवला की ती पाळी बाकीच्या दोघांवर येते. म्हणून तीन चांगली आणि एक बरं अशी चार भोकं धरून चालत नाही.

बोल्ट किती आत जायला हवा? बिडात निदान बोल्टाच्या जाडीच्या दीडपट. तीन सुतीला १४ मिलिमीटर, चार सुतीला १९. मोजायची सोपी रीत सांगतो. हात, स्पेसर, वायसर सगळं जागेवर लावून बोल्ट बोटांनी फिरवा आणि डोकं टेकेपर्यंतचे फेरे मोजा. तीन, साडेतीन किंवा चार सूत, कुठलाही यूएनसी बोल्ट असला तरी नऊ-दहा पूर्ण फेरे झाले पाहिजेत. सहाव्या फेऱ्याला टेकला तर बोल्ट आखूड आहे. टेकलाच नाही आणि आत तळाला लागून थांबला तर लांब आहे, आणि हे जास्त वाईट, कारण पाना घट्ट लागतो आणि तुम्हाला वाटतं आवळलं. दुकानात मिळणारा लांब आटेवाला रॉड कापून वापरू नका, तो मऊ असतो. बोल्टाच्या डोक्यावर तीन किंवा सहा रेघा बघून घ्या. डोकं कोरं असलेला बोल्ट या कामाला नाही.

स्पेसरबद्दल कुणी फारसं बोलत नाही, आणि खरी गोम तिथंच असते. ब्लॉकच्या मागच्या तोंडावर उंचवटे असतात, हात सरळ टेकत नाहीत, म्हणून मध्ये नळीचा तुकडा घालतात. तो पाइप कापून, ग्राइंडरनं कसातरी घासून घातला तर त्याची तोंडं काटकोनात नसतात. मग तो एका कडेवर टेकतो, सांधा आवळला जात नाही, आणि बोल्ट नुसता ओढला न जाता वाकायला लागतो. सरळ ओढीत तीन हजार किलो घेणारा बोल्ट वाकवायला त्याच्या कितीतरी कमी जोर पुरतो. लेथवर भरीव गोल बारमधून चार स्पेसर वळवून घ्या. भोक बोल्टाला जेमतेम मोकळं, बाहेरचा व्यास बोल्टाच्या दुपटीपेक्षा जास्त, आणि चारही एकाच सेटिंगमध्ये तोंड मारून सारख्या लांबीचे. वाय. पी. पोवार नगरात कुठलाही टर्नर हे हातासरशी करून देईल. लांबी जितकी कमी ठेवता येईल तितकी ठेवा. आवळताना टॉर्क पाना वापरा. तीन सुती बोल्टाला बिडात ४० न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे होतात. त्यापुढं जोर लावून सांधा सुधारत नाही, आटे मात्र जातात.

इथवरचं सगळं कुठल्याही इंजिनाला लागू आहे, आणि जीपचं चार सिलेंडरचं इंजिन असतं तर एवढं पाळून तुमच्या त्याच स्टँडवर चढवा म्हणालो असतो. स्टँड वाया गेला नाही, त्यावर गिअरबॉक्स धरा, हेड धरा. या ब्लॉकसाठी मात्र मी दोन्ही टोकांना आधार देणारी चौकट बनवून घ्यायला सांगेन.

बाजूनं का नाही धरायचं, असं कुणीतरी विचारेलच. विचार चांगला आहे. फोर्डच्या १९३२ पासूनच्या साइड-व्हाल्व्ह (व्हाल्व्ह ब्लॉकमध्येच असलेल्या) व्ही-आठला बेल हाउसिंगचा भाग ब्लॉकमध्येच ओतलेला असायचा, त्यामुळे तो बाजूनं, एक्झॉस्टच्या बोल्टांवर धरायची पद्धत होती. लांब इंजिन बाजूनं धरलं की अंतर लांबीच्या निम्मं न राहता रुंदीच्या निम्मं होतं, जोर एकदम उतरतो. पण बुइकच्या या इंजिनात व्हाल्व्ह वर हेडमध्ये आहेत आणि मॅनिफोल्डही हेडवरच बसतात. ब्लॉकच्या बाजूला भरवशाचे बोल्ट नाहीत. जे आहेत ते पत्र्याची झाकणं धरण्यापुरते. त्यांच्यावर ब्लॉक टांगायचा नाही.

तर चौकट. १०० बाय ५० मिलिमीटरचा लोखंडी चॅनेल घ्या, खाली आयताकृती पाया, दोन टोकांना दोन खांब, खांबांना तिरपे टेकू. खांबांवर एकेक यूसीपी २१० (बोल्टनं बसवायचा पाया असलेलं) बेअरिंग, म्हणजे ५० मिलिमीटरचा शाफ्ट. मागच्या बाजूला १६ मिलिमीटर जाड पत्र्याची प्लेट, ब्लॉकच्या मागच्या तोंडाच्या भोकांप्रमाणं मारलेली. चारच्या जागी जितकी मिळतील तितकी भोकं वापरा. पुढच्या बाजूला इंजिन माउंटिंग किंवा टायमिंग कव्हर बसतं त्या तोंडावर दुसरी प्लेट. ऑइल चेंबर (तळाचं तेलाचं भांडं) पत्र्याचं असतं, त्यावर कसलाही टेकू नको, आणि क्रँकच्या पुलीवरही नको.

यात एकच गोष्ट जपायची. दोन्ही शाफ्ट एका रेषेत नसतील तर ब्लॉक फिरवताना प्रत्येक फेऱ्याला त्याला पीळ बसतो. जुन्या बिडाला हा पीळ लटकण्यापेक्षा वाईट. म्हणून मागची प्लेट आणि तिचा शाफ्ट आधी पक्का करा, ब्लॉक चेन ब्लॉकवर तोलून धरा, आणि पुढची प्लेट तिथल्या तिथं जागेवर बसेल तशी टॅक (वेल्डिंगचे ठिपके) मारून मग उतरवून वेल्ड करा. पुढच्या बेअरिंगच्या पायाची भोकं लांबट ठेवा. यूसीपी बेअरिंग थोडा तिरपेपणा आपोआप सांभाळून घेतं, पण थोडाच. शेवटी पुढचं बेअरिंग आवळण्याआधी शाफ्ट हातानं फिरतो का बघा. अडत असेल तर पायाखाली पातळ पत्रा घाला, पान्यानं ओढून जुळवू नका.

फिरण्याच्या अक्षाबद्दल थोडं थांबतो, कारण बोटं इथं जातात. गुरुत्वमध्य अक्षावर किंवा अक्षाच्या किंचित खाली हवा. वर असला तर पिन काढली की ब्लॉक स्वतःच उलटतो. चारशे किलोचा मध्य अक्षापासून पाच सेंटिमीटर बाजूला असला तर २० किलोग्रॅम-मीटर होतात. अर्ध्या मीटरच्या दांड्याच्या टोकाला ४० किलोचा जोर लावावा लागतो, आणि दांडा निसटला तर तोच जोर उलट येतो. शिवाय हा मध्य एका जागी राहत नाही. हेड काढलं की तो क्रँकच्या बाजूला सरकतो, क्रँक काढला की परत सरकतो. काल सहज फिरलेला ब्लॉक आज पिन काढल्याबरोबर अंगावर येतो तो यामुळं. म्हणून प्लेटवर वर्तुळात भोकं मारून १६ मिलिमीटरची आरपार पिन ठेवा, नुसत्या आवळायच्या बोल्टावर राहू नका. कुठलाही जड भाग काढल्यानंतर पहिल्यांदा फिरवताना वरून पट्टा लावलेला असू द्या. वर्म गिअरचा जुना रिडक्शन बॉक्स भंगारात मिळाला तर तो लावा. तो सहसा उलटा फिरत नाही, एकट्या माणसाला त्याच्यासारखा सोबती नाही. तरी पिन असू द्याच.

चढवताना पट्ट्यांचा कोन बघा. दोन पट्टे वर हुकाशी ६० अंशांचा कोन करतात तेव्हा एकेकावर वजनाच्या ५८ टक्के येतात. पट्टे आखूड घेतले आणि कोन १२० झाला की एकेकावर अख्खं वजन येतं. लांब इंजिनाला हे नकळत होतं, कारण उचलायच्या जागा एकमेकींपासून लांब असतात आणि शेडची उंची कमी असते. उंची नसेल तर वर एक चॅनेलचा आडवा दांडा घालून पट्टे त्याच्यावरून सरळ खाली सोडा. चौकटीवर बसवल्यावर चेन ब्लॉक लगेच काढू नका. आधी निम्मं वजन सोडा, वेल्ड आणि प्लेट बघा. मग पूर्ण सोडा, पण हुक अडकलेलाच ठेवा. पुढच्या आणि मागच्या टोकाची जमिनीपासूनची उंची लिहून ठेवा आणि जेवून या. उंची तीच असेल तर हुक काढा. चौकट नवी असेल तर इंजिनाआधी दीडपट वजनाचं भंगार टांगून बघितलेलं उत्तम. आपल्याकडं भंगाराला तोटा नाही.

चाकांचं काय? तुमच्या स्टँडला चाकं आहेत, ती सोय वाटते. जुन्या शेडमध्ये शहाबादी फरशी असते, तिच्या दोन लाद्यांच्या फटीत छोटं लोखंडी चाक अडकलं की खालचा भाग थांबतो आणि वरचं वजन पुढं जात राहतं. तीन चाकांचा स्टँड अशा वेळी बाजूला कलंडतो. एका गॅरेजमध्ये मी हे होताना पाहिलंय. फट एवढीशी होती, स्टँड ढकलणाऱ्याला ती दिसलीही नव्हती. पाय वाचला, टायमिंग कव्हरची बाजू गेली. चौकटीला चाकं लावायचीच असतील तर मोठी, पॉलियुरेथेनची, आणि काम करताना चारही कोपऱ्यांत स्क्रूचे पाय खाली टेकवून चाकं जमिनीपासून सुटलेली. जागा बदलायची तर ब्लॉक खालच्या बाजूला जड असेल अशा स्थितीत पिन लावून, आणि ढकलताना हात खाली पायाच्या चॅनेलला. ब्लॉकला धरून ढकलू नका.

आता हे सगळं कशावर अवलंबून आहे ते. ब्लॉक पूर्ण नागडा असेल, क्रँक, पिस्टन, हेड काही नाही, आणि फक्त धुणं-खरवडणं एवढं दोन दिवसांचं काम असेल, तर चांगले आटे, चांगले स्पेसर आणि पुढच्या तोंडाखाली स्क्रू जॅकचा टेकू घेऊन तुमच्या आत्ताच्या स्टँडवर मी ते करेन. पण तेव्हा तो फिरवणार नाही. क्रँकच्या बेअरिंगांच्या जागांचं अलाइन बोअरिंग (सगळ्या एका रेषेत कापणं) वगैरे कामं मशीनवरच होतात, तिथं स्टँडचा संबंधच नाही. मागचं मेन बेअरिंग आणि त्याचं सील बसवायचं असेल तर मागची प्लेट आड येते, म्हणून त्या प्लेटच्या मध्ये हात जाईल एवढं मोठं भोक ठेवा. आधीच सांगतोय, नंतर गॅस कटरनं कापत बसाल. शेतावरचं ऑइल इंजिन असेल तर हा प्रश्नच येत नाही. त्याला स्वतःचे पाय असतात, ते जमिनीवर दोन लाकडांवरच उघडावं.

शेवटचं ते वर्षभराचं. काम थांबलं की ब्लॉक चौकटीवर ठेवू नका. वर्षभरात बीड वाकतं का यावर कारागिरांत वाद आहे, मला तशी भीती वाटत नाही. मला भीती आहे ती सैल होणाऱ्या बोल्टांची, शेडमध्ये सायकल लावायला येणाऱ्या पोरांची आणि पिन बघू म्हणून ओढणाऱ्या पाहुण्यांची. साल लाकडाच्या चार ओंडक्यांना ब्लॉकच्या तळाच्या मापानं खाचा करून घ्या आणि काम नसेल तेव्हा ब्लॉक त्यांवर, चेंबर काढून, सपाट तळाच्या कडांवर टेकवा. क्रँक वेगळा काढला असेल तर तो मात्र उभा टांगा किंवा फ्लायव्हीलच्या तोंडावर उभा करून भिंतीला बांधा. आणि तुम्ही बावड्यात आहात, २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. शेड त्या रेषेखाली असेल तर ओंडक्यांची जागा आत्ताच उंच ओट्यावर ठरवा, आणि मृगाच्या आधी सगळ्या मशीन केलेल्या तोंडांवर ग्रीसचा हात फिरवा. आपल्याकडच्या पावसात उघडं बोअर एका रात्रीत लाल होतं.

पुढचं नेमकं सांगायला मला तीन मापं लागतील: तोलून काढलेलं मागच्या तोंडापासूनचं अंतर, काट्यावरचं वजन आणि त्या वेळी काय काय लावलेलं होतं ते, आणि मागच्या तोंडाच्या प्रत्येक भोकाचा व्यास, खोली आणि पिच. सोबत त्या तोंडाचा पट्टी ठेवून काढलेला सरळ समोरून फोटो द्या, प्लेटची भोकं कुठं मारायची ते त्यावर आखून देतो.